पडद्यावरचा पट

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रात घरोघरी अंगणात किल्ले उभे राहू लागतात. विटा, दगड, गोणपाट आणि चिखल एवढ्या सामग्रीतून मुले डोंगर रचतात, तट घालतात, बुरूज उठवतात. अळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत उतारावर हिरवी राने उगवतात. माथ्यावरील सिंहासनावर शिवाजी महाराज विराजमान होतात आणि वाटेवाटेवर मातीचे मावळे पहारा देऊ लागतात. सोलापूर हे सपाट माळावर वसलेले शहर. तेथील किल्ला डोंगरी नव्हे, तर भुईकोट आहे. बहमनी काळातील या कोटाला दुहेरी तट असून त्याच्या शेजारीच सिद्धेश्वराचे तळे आहे. म्हणून सोलापुरातील एखाद्या मुलाने दिवाळीत डोंगराऐवजी भुईकोट रचला आणि परातीत पाणी भरून तळेही केले, तर त्यात नवल नाही.

किल्ला झाला की खेळ सुरू होतो. मुले मावळे उचलून पुढे सरकवतात आणि गनिमाला मागे हटवतात. परंतु थोड्याच वेळात एक अडचण उभी राहते. आपला मावळा तटावर चढला, असे एक मूल म्हणते. तो वाटेतच पडला, असे दुसरे सांगते. दोघांपैकी खरे कोणाचे? हे ठरविण्याचे काही साधन नसते. मग आवाज चढतात, कोणीतरी रागाने उठून जाते आणि खेळ मोडतो. मावळा तटावर चढला की नाही, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे न्याय्य उत्तर शोधता शोधताच जगात एक निराळ्या प्रकारचा खेळ जन्मास आला आहे. टेबलावर लहान लहान मूर्ती मांडून नियमांनी खेळावयाचा हा खेळ होय. या मूर्तींना लघुमूर्ती म्हणता येईल.

अशा खेळाचे मूळ पाहू गेल्यास प्रथम आपल्याच देशाकडे वळावे लागते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे पटावर मांडून प्राचीन भारतात चतुरंग खेळत असत. त्यातूनच पुढे बुद्धिबळ निर्माण झाले. बुद्धिबळात मघासारखा वाद होत नाही. कारण पटावर चौसष्ट घरे आखलेली असतात आणि मोहरे एका घरात असते किंवा नसते. खऱ्या भूमीवर मात्र घरे आखलेली नसतात. तेथे टेकडी असते, ओढा असतो, झाडी असते. टेकडी चढताना गती मंदावते, झाडीआडचा शत्रू दिसत नाही. हे सारे खेळात कसे आणावे?

प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातील राइसवित्झ नावाच्या गृहस्थांनी या प्रश्नाचा विचार केला. १८१२ साली त्यांनी आपल्या राजाला एक खास टेबल दाखविले. त्यावर नदी, टेकडी, गाव यांचे तुकडे हवे तसे जुळवून रणभूमी मांडता येई. त्यांचा पुत्र तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली या खेळाचे सविस्तर नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सैन्याच्या तुकड्या मोजून हलवावयाच्या, चकमकीचा निकाल फाशांनी लावावयाचा आणि वाद पडल्यास पंचाने निर्णय द्यावयाचा, अशी त्याची पद्धत होती. तो खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. पुढे १९१३ साली प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांचा खेळ घराघरांत नेला. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी बरे, कारण त्यात कोणाचे घर जळत नाही आणि कोणाचा प्राण जात नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. दुर्दैवाने त्यानंतर एकाच वर्षात, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले.

आज हा खेळ अनेक देशांत खेळला जातो. १९८३ साली इंग्लंडमध्ये निघालेला ‘वॉरहॅमर’ हा त्यातील एक विख्यात खेळ. खेळाडू सुटे भाग जुळवून बोटाएवढ्या मूर्ती तयार करतात आणि बारीक कुंचल्याने त्या रंगवतात. टेबलावर टेकड्या व पडकी घरे मांडली जातात. प्रत्येक मूर्ती एका डावात किती इंच चालू शकते, हे नियमात सांगितलेले असते आणि ते अंतर टेपने मोजून घ्यावे लागते. हल्ला यशस्वी झाला की नाही, ते फासे सांगतात. एखाद्या मूर्तीला पाच किंवा सहा दान हवे असेल, तर सहांपैकी दोन बाजू अनुकूल, म्हणजे तिला तीनांत एक संधी आहे, असा हिशेब खेळाडू मनात करतो. अशा रीतीने हस्तकौशल्य, अंकगणित आणि डावपेच यांचा या खेळात मेळ बसतो.

परंतु या खेळाच्या वाटेत दोन अडचणी आहेत. पहिली खर्चाची. परदेशी मूर्तींचे एक लहानसे दळ जमविण्यासही बरेच पैसे पडतात. दुसरी अडचण सोबत्याची. खेळ जाणणारा जोडीदार आपल्याच गावात भेटेल, असे नाही. तो दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असला, तर एकाच टेबलाभोवती दोघांनी कसे बसावे?

बुद्धिबळाच्या खेळाडूंनी ही दुसरी अडचण फार पूर्वीच सोडविली होती. आपल्या देशात आगगाडीही आलेली नव्हती, अशा काळात, १८२८-२९ मध्ये, मद्रास आणि हैदराबाद येथील खेळाडूंमध्ये पत्रांच्या द्वारे बुद्धिबळाचा सामना झाला होता. मद्रासच्या बाजूने त्या वेळचे नामांकित खेळाडू गुलाम कासिम हे त्यात होते. एका बाजूने आपली खेळी कागदावर लिहून धाडावयाची आणि दुसऱ्या बाजूने तीनुसार आपल्या पटावरील मोहरे हलवून उत्तर पाठवावयाचे, असा हा प्रकार होता. बुद्धिबळात हे साधते, कारण तेथे प्रत्येक घराला नाव देता येते. लघुमूर्तींच्या टेबलावर घरेच नाहीत. तेथे घोडेस्वार एखाद्या झाडामागे अर्धवट लपलेला असतो, त्याचे तोंड तिरके असते, शत्रू त्याच्यापासून साडेसात इंचांवर असतो. एवढे सारे पत्रात कसे लिहावे आणि दूरच्या मित्राने ते टेबलावर जसेच्या तसे कसे उतरवावे?

हे काम संगणकाने साध्य केले. गेल्या शतकाच्या अखेरीस रॉडनी किनी यांनी एका युद्धखेळासाठी संगणकावरचा पट तयार केला. त्यातूनच पुढे ‘व्हॅसल’ ही आज्ञावली निर्माण झाली. ती विनामूल्य मिळते आणि तिच्यावर शेकडो खेळांचे पट मांडता येतात. २०१५ साली ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ ही आज्ञावली आली. ही विकत घ्यावी लागते. तिच्यात पडद्यावर खरोखरच एक टेबल दिसते. मूर्ती उचलता येते, फिरवता येते. हातून सुटली तर ती खाली आपटते. फासेही टेबलावर गडगडत जातात. अशा टेबलांना आभासी पट असे म्हणतात. २०२० साली महामारीमुळे लोकांना घरातच थांबावे लागले, तेव्हा जगभरातील अनेक खेळाडू या आभासी पटांकडे वळले.

आभासी पटावर नवशिक्याची गती कशी होते, हे समजण्यासाठी एका मुलीचे उदाहरण घ्यावे. समजा, ती सोलापुरात राहते आणि सातवीत शिकते. तिचा मामेभाऊ, ज्याला ती दादा म्हणते, आपल्या आईवडिलांसह इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात राहतो. वॉरहॅमर काढणाऱ्या कंपनीचे मुख्य ठाणे याच शहरात आहे. त्यामुळे दादाला या खेळाचा छंद लागला. दर दिवाळीला सोलापुरास येऊन बहिणीबरोबर किल्ला करणारा दादा यंदा येऊ शकला नाही. तेव्हा त्याने कळविले, “किल्ला तू अंगणात कर. आपण दोघे पडद्यावर खेळू.” हिवाळ्यात नॉटिंगहॅमला दुपारचे बारा वाजतात, तेव्हा सोलापुरात सायंकाळचे साडेपाच झालेले असतात. म्हणून रविवारची ती वेळ ठरली. ज्या ‘स्टीम’ दुकानातून ही आज्ञावली मिळते, तेथे खाते उघडण्यास वयाची तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलगी बारा वर्षांची. म्हणून तिच्या वडिलांनी आपल्या खात्यावर आज्ञावली घेतली आणि खेळ बैठकीच्या खोलीत सर्वांसमक्ष होऊ लागला.

पहिल्या दिवशी दादाने तिला खेळू दिलेच नाही. त्याने तिला केवळ हातवळण करावयास लावले. टेबलाभोवती फिरावे कसे, वरून पाहावे कसे, मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत खाली उतरून तिला काय दिसते ते कसे पाहावे, अंतर मोजण्याची रेघ एका मूर्तीच्या बैठकीपासून दुसरीच्या बैठकीपर्यंत कशी ओढावी, हे सारे तिने करून पाहिले. प्रारंभी तिच्या हातून मूर्ती पडत, बुरूज कोसळत. तासाभराने हात स्थिर झाला. दुसऱ्या रविवारी प्रत्येकी पाचच मूर्ती घेऊन खेळ सुरू झाला. पन्नास मूर्तींनी आरंभ करणारा नवशिका नियमांच्या गर्दीत हरवून जातो; पाच मूर्तींचे नियम मात्र एका बैठकीत समजतात.

त्या दिवशी एक मौज झाली. मुलीने आपला घोडेस्वार उचलला आणि थेट शत्रूच्या पाठीशी नेऊन ठेवला. तिला वाटले, चाल चुकीची असेल तर यंत्र ती करूच देणार नाही. संगणकावरील इतर खेळांत तिने तसेच पाहिले होते. पण येथे यंत्र गप्प राहिले. दादा हसून म्हणाला, “अगं, घोडा बाराच इंच जातो. तू तर त्याला तीस इंच नेलेस!”

“मग यंत्राने मला अडवले का नाही?” तिने विचारले.

“कारण हे यंत्र पंच नाही,” दादा म्हणाला. “हे नुसते टेबल आहे. आपल्या घरातले टेबल तुला कधी अडवते का? नियम वाचायचे आपण, समजून घ्यायचे आपण आणि पाळायचेही आपणच.”

या उत्तराने तिचा समज बदलला. आभासी पटावर खेळ शिकणे म्हणजे यंत्राच्या कळा शिकणे नव्हे. कळा तासाभरात येतात. खरे शिकणे नियमांचे आहे. त्या रात्री तिने नियमांची पाने वाचली आणि आपल्या वहीत मराठीत त्यांचे टिपण केले. कोणती मूर्ती किती इंच जाते, झाडीचा आडोसा मिळाल्यास किती दान अधिक लागते, टेकडी चढताना किती अंतर कमी धरावयाचे, हे तिने कोष्टकात मांडले. पुढच्या रविवारी तिने दादाचीच एक चूक दाखवून दिली, तेव्हा तो मनापासून आनंदला.

तिच्या आजोबांनी जन्मभर यंत्रमागावर सोलापुरी चादरी विणल्या होत्या. पडद्यावरचा खेळ पाहून त्यांनी विचारले, “तिकडच्या टेबलावरचे तुला इकडे दिसते कसे? एवढे मोठे चित्र सारखे तारेतून येते काय?”

मुलीने दादाकडून समजून घेतलेले सांगितले, “नाही आजोबा. मूर्तींची चित्रे दोन्ही संगणकांत आधीपासूनच असतात. दादाने घोडा हलवला की फक्त काही आकडे येतात. मध्यापासून उजवीकडे किती, पुढे किती, उंचीवर किती आणि तोंड कोणत्या दिशेला. त्या आकड्यांवरून माझा संगणक घोडा योग्य जागी उभा करतो.”

आजोबांना ते तात्काळ पटले. “म्हणजे आमच्या जेकार्डसारखेच की!” ते म्हणाले. फ्रान्समधील जोझेफ मारी जेकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास मागासाठी एक युक्ती काढली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडावयाची. जेथे भोक असेल तेथील धागा उचलला जाईल, जेथे नसेल तेथील खाली राहील. चादरीवरील मोर किंवा वेलबुट्टी त्या भोकांतच साठविलेली असते. एकाच नमुन्याची कार्डे दोन गावांतील दोन मागांवर चढविली, तर दोन्हीकडे तीच नक्षी उतरते. एका गावाहून दुसऱ्या गावास चादर पाठवावी लागत नाही. पुढे प्रारंभीच्या संगणकांनाही अशाच भोकांच्या कार्डांनी आज्ञा दिल्या जात. सोलापूरच्या विणकराला संगणकाचे हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही.

खेळ चालू राहिला, आणि एका रविवारी मुलीपुढे कसोटीचा प्रसंग आला. त्या दिवशी टेबल तिच्या संगणकावर मांडलेले होते आणि दादा पाहुणा म्हणून त्यात सामील झाला होता. डाव अटीतटीला आला होता. तिच्याजवळ एकच घोडेस्वार उरला होता. हल्ला साधावयास त्याला पाच किंवा सहा दान हवे होते. तिने फासा टाकला आणि सहा पडले! ती आनंदाने टाळी वाजवणार, तोच दादाचे जोडणे तुटले. पलीकडचा आवाज बंद झाला. टेबलावर ती एकटीच उरली.

वाट पाहता पाहता तिचा हात चाळवला आणि तिच्या नकळत घोडेस्वार उचलला जाऊन पुन्हा खाली पडला. तो पूर्वी नेमका कोठे उभा होता, हे आता तिला सांगता येईना. झाडीच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे असेल, तर हल्ला मुळात शक्यच नव्हता. तिने त्याला अंदाजाने अलीकडे ठेवले असते, तर जगात कोणालाही कळले नसते. दादाला कळले नसते, वडिलांना कळले नसते. यंत्र तर काही बोलणारच नव्हते.

दहा मिनिटांनी दादा परतला. मुलीने प्रथम तेच सांगितले, “दादा, माझ्या हातून घोडा हलला. तो कोठे होता ते मला नक्की आठवत नाही.” टेबलाची शेवटची नोंद तिच्या खेळीच्या आरंभी ठेवलेली होती. ती परत आणली तर घोडा मूळ जागी उभा राहणार होता. पण तिचे सहाचे दान मात्र पुसले जाणार होते. दोघे क्षणभर थांबले. मग मुलीनेच नोंद परत आणली. घोडा झाडीच्या अलीकडे होता. म्हणजे तिचा हल्ला योग्यच होता. तिने पुन्हा फासा टाकला. या वेळी दोन पडले आणि ती डाव हरली.

“तुझे सहा मी पाहिले नव्हते,” दादा म्हणाला, “पण तू सांगितले असतेस, तर मी मानले असते.”

“म्हणूनच मी पुन्हा टाकला,” मुलगी म्हणाली.

दूर बसून खेळणाऱ्यांपुढे असे प्रसंग मोठ्या सामन्यांतही येतात. २०२० साली महामारीमुळे बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धा संगणकाद्वारे घेण्यात आली. भारतीय संघाचे कर्णधार नाशिकचे विदित गुजराथी हे होते. नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख हीही संघात होती. ३० ऑगस्ट २०२० रोजी अंतिम सामन्यात भारताची गाठ रशियाशी पडली. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत खेळ ऐन रंगात असताना इंटरनेटच्या जगद्व्यापी बिघाडामुळे भारताचे निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचे जोडणे तुटले. घड्याळ थांबले नाही. त्यांचा वेळ संपला आणि दोघांचे डाव गेले. केवळ यंत्राच्या हिशेबाने पाहिले असते, तर भारत हरला होता. भारताने दाद मागितली. तेव्हा जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष अर्कादी द्वोरकोविच यांनी सर्व परिस्थितीचा विचार करून दोन्ही संघांना विजयी घोषित केले. घड्याळाने वेळ अचूक मोजला होता. न्याय मात्र माणसांना करावा लागला. त्याच दिव्या देशमुखने पुढे २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला.

जे खेळाडू आभासी पटावर नियमितपणे खेळतात, त्यांनी या अनुभवांतून काही चांगल्या रीती पाडल्या आहेत. मूर्ती हलविण्यापूर्वी आपला हेतू बोलून दाखवावा, ही त्यांतील पहिली. “हा शिपाई मी भिंतीआड नेत आहे, तुझ्या तोफेला तो दिसू नये,” असे सांगून प्रतिपक्षाची संमती घेतली, की बोटभर अंतरावरून पुढे वाद होत नाही, कारण पडद्यावर हात थोडा इकडेतिकडे होणारच. अंतर मोजले की ते मोठ्याने सांगावे, ही दुसरी. फासे दोघांच्या डोळ्यांदेखत टाकावेत, ही तिसरी. आणि प्रत्येक खेळीच्या अखेरीस टेबलाची नोंद करून ठेवावी, ही चौथी. सोबती निवडतानाही दक्षता हवी. मुलांनी ओळखीच्या माणसांशीच आणि वडीलधाऱ्यांच्या माहितीने खेळावे. अनोळखी व्यक्तीस आपले नाव, पत्ता अथवा शाळा सांगू नये. डोळ्यांना विश्रांती द्यावी आणि ठरलेली वेळ संपली की उठावे.

पडद्यावरचा पट सर्व काही देऊ शकत नाही. मातीचा ओला वास तेथे नाही, कुंचल्याचा रंग बोटांना लागत नाही आणि हरल्यावर मित्राच्या पाठीवर थाप मारता येत नाही. तथापि हजारो मैलांचे अंतर तो पुसून टाकतो आणि महागड्या मूर्तींवाचूनही खेळ शिकवितो. शिवाय यंत्र आपल्यावर देखरेख करीत नसताही नियम पाळण्याची सवय त्यायोगे अंगी बाणते.

पुढील दिवाळीत त्या मुलीने अंगणात पुन्हा भुईकोट रचला. दुहेरी तट घातले, परातीचे तळे केले. पण या वेळी तिने शिवणाच्या पेटीतून आजीची टेप आणली, दोन फासे आणले आणि वहीतील कोष्टक एका पुठ्ठ्यावर चिकटवून तटाजवळ उभे केले. शेजारची मुले जमली. गतवर्षी ज्या मावळ्यावरून भांडण झाले होते, तोच मावळा पुन्हा तटाकडे निघाला. “चढला!” एक मुलगा ओरडला. “थांब,” मुलगी म्हणाली, “आधी मोजू.” दोघांनी टेपचे एकेक टोक धरले. अंतर सहा इंच भरले आणि मावळ्याची चाल पाच इंचांची होती. “राहिला एक इंच,” तो मुलगा स्वतःच म्हणाला आणि त्याने मावळा तटाच्या पायथ्याशी ठेवला.

शब्दार्थ

भुईकोट – सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला
गनीम – शत्रू
लघुमूर्ती – खेळासाठी केलेली लहान मूर्ती
आज्ञावली – संगणकाने करावयाच्या कामांच्या सूचनांची मालिका
आभासी – प्रत्यक्ष नसून असल्यासारखे भासणारे
अटीतटीला येणे – निकराच्या स्थितीला पोहोचणे
अंगी बाणणे – स्वभावात मुरणे

स्वाध्याय

१. बुद्धिबळाचा डाव पत्राने खेळता येतो. लघुमूर्तींचा खेळ तसा खेळणे कठीण का जाते?
२. “हे यंत्र पंच नाही,” या दादाच्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. जेकार्डचा माग आणि आभासी पट यांतील साम्य सांगा.
४. मुलीने टेबलाची जुनी नोंद परत आणली, हे तुम्हांस योग्य वाटते काय? सकारण लिहा.
५. २०२० च्या ऑलिंपियाडमधील निर्णय आणि मुलीचा निर्णय यांत कोणते साम्य व कोणता भेद आहे?
६. उपक्रम : तुमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर खेळण्यासाठी पाच नियम तयार करा. मित्रांसह खेळून पाहा आणि वाद कोठे पडला, तेथील नियम सुधारून लिहा.